परसातलं दुसरं घर: इंग्लंडमधली कौन्सिल ‘नाही’ का म्हणते?

जुलै २०२४मध्ये ब्रिटनमध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने एका संसदेच्या कार्यकाळात इंग्लंडमध्ये १५ लाख घरं उभी करायचं वचन दिलं आहे. तेव्हापासून तिथल्या बातम्यांत घरबांधणीचा विषय सतत असतो. आणि त्याच काळात हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, लेस्टर अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या कुणाला तरी कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं, पत्र येतं: मागच्या बागेत एक लहानसं घर बांधण्याचा अर्ज नामंजूर.

पत्र वाचून डोकं चक्रावतं. देशाला घरं हवीत, जागा माझी, पैसा माझा, मग अडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते समजून घेतलं तर हजारो पौंड आणि वर्ष-दोन वर्षांचा मनस्ताप वाचतो, म्हणून हा लेख. यातलं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.

## जमीन माझी, मग परवानगी कशाला?

१९४७ साली ब्रिटिश संसदेने नगररचनेचा एक कायदा केला आणि १ जुलै १९४८पासून तो लागू झाला. या कायद्याने जमिनीची मालकी आणि त्या जमिनीवर काही नवं उभारायचा हक्क यांची फारकत केली. मालकी तुमच्याकडे राहिली, उभारायचा हक्क सरकारकडे गेला. तो परत मिळवायचा तर स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा. त्या संमतीला प्लॅनिंग परमिशन म्हणतात. आज १९९०चा कायदा चालतो, पण पाया तोच आहे.

भिंत किती जाड, वायरिंग सुरक्षित आहे का, आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं, हे बिल्डिंग रेग्युलेशन्स नावाच्या वेगळ्या नियमांत येतं. प्लॅनिंगमध्ये विचार होतो तो एवढाच: या जागी, या आकाराचं, या वापराचं काही उभं राहावं का?

## सगळी मापं बसवली, तरी नकार कसा?

महाराष्ट्रात घर बांधलेल्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात जड जाते. आपल्याकडे मुंबई सोडून बहुतेक राज्याला २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. प्लॉटला एफएसआय किती, सामासिक अंतरं किती सोडायची, उंची किती, रस्ता किती रुंद हवा, हे सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. आकड्यांत बसलात की नकाशा मंजूर व्हायला हवा, अशी आपली धारणा असते आणि ती बरीचशी बरोबरही आहे.

इंग्लंडची पद्धत तशी नाही. तिथे प्रत्येक कौन्सिलचा लोकल प्लॅन असतो, म्हणजे पुढच्या पंधरा-एक वर्षांत आपल्या हद्दीत काय, कुठे आणि कसं बांधावं याची धोरणं. २००४च्या कायद्यातलं एक कलम सांगतं की निर्णय या प्लॅननुसार व्हावा. मात्र विचारात घ्यावी अशी दुसरी सबळ बाब असेल तर प्लॅन बाजूला ठेवता येतो. त्या धोरणांची भाषा अशी असते: ‘नवं घर आसपासच्या वस्तीच्या स्वरूपाशी सुसंगत असावं’, ‘शेजाऱ्यांच्या राहणीमानाला बाध येऊ नये’. आता सुसंगत म्हणजे काय? बाध म्हणजे किती? हे शेवटी माणूस ठरवतो. कौन्सिलचा केस ऑफिसर जागा पाहून जातो, अहवाल लिहितो. बहुतेक लहान अर्जांचा निकाल अधिकारी पातळीवरच लागतो, काही अर्ज नगरसेवकांच्या प्लॅनिंग कमिटीपुढे जातात. एका घराच्या अर्जाला कायद्याने ८ आठवड्यांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात ती लांबते.

माझ्या मते या पद्धतीचं बळ आणि तिचा जाच दोन्ही इथेच आहेत. जागेकडे डोळे उघडून पाहिलं जातं, हे चांगलं. पण अर्जदाराला आधी खात्री कुठेच मिळत नाही, आणि पाठीशी पैसा असलेल्या बिल्डरपेक्षा एका साध्या कुटुंबाला ही अनिश्चितता फार महाग पडते.

## बाग म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे

२०००पासून सरकारी धोरण असं होतं की निदान ६० टक्के नवी घरं आधी वापरात असलेल्या जमिनीवर यावीत. अशा जमिनीला ब्राउनफील्ड म्हणतात. बंद पडलेला कारखाना, जुनं गोदाम अशी जागा डोळ्यांपुढे होती. पण व्याख्या अशी होती की घराच्या आवारातली बागही त्यात मोडायची. बिल्डरांनी ती फट बरोबर पकडली. मोठ्या बागेची जुनी घरं विकत घ्यायची, पाडायची आणि तिथे फ्लॅट उठवायचे, असं गावोगाव सुरू झालं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गार्डन ग्रॅबिंग’ म्हटलं.

जून २०१०मध्ये नव्या सरकारने ती व्याख्या बदलली आणि खासगी घरांच्या बागा ब्राउनफील्डमधून वगळल्या. २०१२मध्ये राष्ट्रीय धोरणाचा एकत्रित दस्तऐवज आला, त्याने कौन्सिलांना सांगितलं की परिसराचं नुकसान होणार असेल तर बागांमधलं अयोग्य बांधकाम रोखणारी धोरणं करण्याचा विचार करा. बऱ्याच कौन्सिलांनी ती केली.

म्हणजे बागेत घर बांधायला बंदी आहे का? नाही, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं. बाग ब्राउनफील्ड नाही याचा अर्थ तिला मिळणारं झुकतं माप गेलं, एवढाच. आजही बागांमध्ये घरांना परवानग्या मिळतात. यात एक चमत्कारिक गोष्ट अशी की वगळलेल्या आहेत त्या भरवस्तीतल्या बागा. वस्तीबाहेर, मोकळ्या ग्रामीण भागातल्या घराची बाग मात्र ब्राउनफील्ड धरता येते, असा अर्थ डार्टफर्डच्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने २०१७मध्ये लावला.

## एक प्लॉट मापून पाहू

कारणं हवेत ठेवण्यापेक्षा टेप हातात घेऊ. लंडनच्या उपनगरातलं १९३०च्या दशकातलं जोडघर समजा. प्लॉट ९ मीटर रुंद. रस्त्यापासून घरापर्यंत ६ मीटर, घराची खोली ९ मीटर, मागे ३० मीटर लांब बाग. घराच्या कडेने जाणारी वाट २.४ मीटर रुंद. असे प्लॉट हॅरो-पिनरकडे पावलोपावली दिसतात. आणि ३० मीटर बाग पाहिली की आपल्या माणसाच्या मनात घर उभं राहायला सुरुवात होते, हे अगदी स्वाभाविक आहे.

आता दोन बेडरूमचं, तिघांसाठीचं बैठं घर काढू. २०१५च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याचं आतलं क्षेत्रफळ किमान ६१ चौरस मीटर हवं. भिंती धरून साधारण ७ बाय १० मीटर. दोन्ही कुंपणांपासून एकेक मीटर सोडलं, मागेही एक मीटर सोडलं. जुन्या घराची मागची भिंत आणि नव्या घराची पुढची भिंत यांत उरले १९ मीटर.

या १९ मीटरांतूनच जुन्या घराला बाग द्यायची, नव्या घराला बाग द्यायची, कुंपण घालायचं आणि गाडी आणायची म्हटलं तर ती वळवायलाही जागा ठेवायची. समोरासमोरच्या राहत्या खोल्यांच्या खिडक्यांमध्ये २१ मीटर अंतर असावं, असा संकेत अनेक कौन्सिलांच्या मार्गदर्शिकांत असतो. तो इथे मोडतो. तुम्ही म्हणाल, बैठं घर आहे, मध्ये सहा फुटी कुंपण घातलं की झालं. तळमजल्यापुरतं ते खरं आहे. पण जुन्या घराच्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजारघरांच्या वरच्या मजल्यावरच्या बेडरूम थेट खाली नव्या घराच्या खिडक्यांत आणि त्याच्या इवल्याशा अंगणात पाहतात. नव्या घरात राहायला येणाऱ्या माणसाला खासगीपणा कुठे? कौन्सिल त्या भावी रहिवाशाचाही विचार करते, आणि तो अजून कुणीच नसल्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं. मला हा भाग मनापासून पटतो.

आगीचा बंब घ्या. बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या मार्गदर्शिकेनुसार घराच्या आतल्या प्रत्येक बिंदूपासून ४५ मीटरच्या आत बंब पोचायला हवा. बंबाला वाट ३.७ मीटर रुंद लागते. आपली २.४ मीटरची, म्हणजे तो रस्त्यावरच उभा राहणार. रस्त्यापासून नव्या घराच्या टोकापर्यंत ६ अधिक ९ अधिक १९ अधिक १०, म्हणजे ४४ मीटर. नकाशावर हे जेमतेम बसतं. पण पाइप सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बसेलच असं नाही. मग स्प्रिंकलरचा खर्च आला. कचऱ्याचंही तेच. रहिवाशाला कचरा ३० मीटरपेक्षा जास्त लांब वाहून न्यावा लागू नये, असा निकष आहे, आणि आपल्याला दारापासून रस्ता ३४ मीटर पडतो.

गाडी त्याच २.४ मीटर वाटेने आणायची ठरवली, तर ती जुन्या घराच्या भिंतीला आणि शेजाऱ्याच्या खिडकीला घासूनच जाणार. रात्री अकराला घरी येणाऱ्या गाडीचे दिवे आणि आवाज, तेही आजवर शांत असलेल्या मागच्या बाजूला. नामंजुरीच्या पत्रांत हे कारण वारंवार येतं. गाडी आणायचीच नाही म्हटलं, तर ती रस्त्यावर कुठे उभी राहणार हा प्रश्न लगेच येतो.

शेवटी झाड, आणि झाडाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ते तुमचं असायचीही गरज नाही. ब्रिटिश मानकानुसार झाडाच्या मुळांचं रक्षणक्षेत्र म्हणजे खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ. शेजाऱ्याच्या कुंपणालगत ५० सेंटीमीटर खोडाचा ओक असेल, तर वर्तुळाची त्रिज्या ६ मीटर. तुमचा प्लॉटच ९ मीटरचा. नेमकं त्या जागी पाया खणायचा असेल तर नकाशा तिथेच अडतो. झाडाला संरक्षण आदेश असेल तर परवानगीशिवाय त्याची फांदी तोडणंही गुन्हा आहे.

## ‘परिसराचं स्वरूप’ म्हणजे नक्की काय?

वरची बहुतेक कारणं नकाशा बदलून थोडीफार सोडवता येतात. घर लहान करा, खिडकी फिरवा, पाया सरकवा. पत्रातलं पहिलं कारण मात्र बहुधा वेगळंच असतं: प्रस्तावित घर परिसराच्या स्वरूपाला हानिकारक आहे.

हे वाक्य वाचून लोकांना वाटतं की आपल्या घराचं डिझाइन आवडलं नाही. मग आर्किटेक्टला सांगून विटांचा रंग बदलतात, छपराचा उतार बदलतात, पुन्हा अर्ज करतात आणि पुन्हा नकार घेतात. इथे मुद्दा दिसण्याचा नसून रचनेचा असतो. अशा रस्त्यावर सगळी घरं रस्त्याकडे तोंड करून एका रांगेत असतात. मागच्या रस्त्यावरचीही तशीच. दोन रांगांच्या पाठीला पाठ लावून बागा असतात आणि त्या मिळून मध्ये एक लांबलचक हिरवा पट्टा तयार होतो. झाडं, पक्षी, पावसाचं पाणी मुरायला जागा, मागच्या खिडकीतून दिसणारं आभाळ, हे सगळं त्या पट्ट्यात आहे. त्याच्या मधोमध घर आलं की रांगेमागे दुसरी रांग सुरू होते. दुसऱ्या घराच्या पाठीमागच्या जमिनीवरच्या अशा बांधकामाला बॅकलँड म्हणतात.

‘एका घराने काय बिघडतं?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा प्रत्येक जण थोडं थोडं सरकतो आणि ते चालतं. पण पाचवाही त्याच न्यायाने सरकायला सांगू लागला की बाक कुणाचाच राहत नाही. एकाला दिलं तर तसल्याच पुढच्या वीस बागांना नाही म्हणणं कौन्सिलला अवघड जातं.

तरीही सांगायलाच हवं की हेच कारण सगळ्यात सैलही वापरलं जातं. ज्या रस्त्यावर आधीच दोन-तीन बागांत घरं आहेत, कोपऱ्याच्या प्लॉटला दुसऱ्या रस्त्याचं तोंड आहे, मागे गॅरेजांची रांग आणि सेवारस्ता आहे, तिथे ‘हिरवा पट्टा’ उरलेलाच नसतो. तिथेही तेच ठोकळेबाज वाक्य छापून येत असेल, तर त्याला आव्हान द्यायला हवं.

## शेजाऱ्यांनी विरोध केला म्हणून नकार आला का?

अर्ज आला की कौन्सिल शेजाऱ्यांना कळवते किंवा जागेवर नोटीस लावते आणि हरकतींसाठी २१ दिवस देते. चाळीस पत्रं आली म्हणून अर्ज पडत नाही आणि एकही न आल्याने मंजूर होत नाही. मजकुराला महत्त्व आहे. आमच्या घराची किंमत उतरेल, आमच्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, हे लोक बरे नाहीत, यातलं काहीच धरलं जात नाही. प्रकाश जाईल, खोलीत डोकावलं जाईल, वाहतूक धोक्याची होईल, हे धरलं जातं.

परवानगी मिळाली तर शेजाऱ्याला अपील नाही, हेही माहीत असावं. सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात कायदेशीर चूक दाखवणं, एवढाच मार्ग त्याच्याकडे असतो.

## देशाला घरं हवीत, याचं काहीच वजन नाही का?

आहे, आणि ते वाढतं आहे. प्रत्येक कौन्सिलला पुढच्या पाच वर्षांना पुरेल इतकी घरांची जागा दाखवावी लागते. ती दाखवता आली नाही तर राष्ट्रीय धोरणाचा एक नियम लागू होतो आणि तराजू अर्जदाराकडे झुकतो: तोटे फायद्यांच्या मानाने ठळकपणे आणि लक्षणीय जास्त असतील तरच साधारणपणे नकार द्यायचा. डिसेंबर २०२४मध्ये कौन्सिलांवरची घरांची उद्दिष्टं पुन्हा बंधनकारक झाली, त्यामुळे असा झुकता तराजू पूर्वीपेक्षा जास्त ठिकाणी लागू होतो.

पण एका घराचा फायदा म्हणजे एकच घर. शेजाऱ्याची खोली अंधारी करणारा किंवा राहणाऱ्यालाच कोंडणारा नकाशा झुकत्या तराजूतही पडतो, आणि पडावा असंच मला वाटतं.

स्थानिक राजकारणाचा वाराही लागतो. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन कौन्सिलने २०१९मध्ये उपनगरांत, बागांतसुद्धा, घरं वाढावीत म्हणून मार्गदर्शिका काढली. रहिवाशांचा रोष वाढला आणि २०२२मध्ये नव्या महापौरांच्या काळात ती मागे घेतली गेली. त्याच रस्त्यावर २०२०मध्ये मंजूर झालेलं घर आणि आज नामंजूर झालेलं घर दिसलं, तर त्यामागे असं काही असू शकतं. ‘शेजाऱ्याला दिली, मला का नाही’ हा युक्तिवाद करायचा तर त्याच्या परवानगीची तारीख आणि त्या वेळचं धोरण आधी पाहा. प्रकरण खरोखर सारखं असेल तर वेगळा निर्णय देताना कौन्सिलला कारण सांगावं लागतं.

## शेड म्हणून बांधलं आणि राहिलो तर?

हा सल्ला दबक्या आवाजात बरेच जण देतात. कृपा करून ऐकू नका. बागेत परवानगीशिवाय बैठी शेड, व्यायामखोली किंवा अभ्यासिका बांधता येते हे खरं आहे. कुंपणापासून २ मीटरच्या आत असेल तर तिची उंची २.५ मीटरच्या वर नको. पण तिचा वापर मुख्य घराला पूरक असावा लागतो. तिथे स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं की ते नवं घर झालं. पश्चिम लंडन आणि स्लावमध्ये अशा शेडमध्ये भाडेकरू ठेवण्याचे प्रकार इतके वाढले की स्लाव कौन्सिलने २०१३मध्ये विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बागांची पाहणी करवली. त्या शेडमध्ये भाडं देऊन राहणारे बहुतेक नुकते आलेले, गरजू लोक असतात. थंडी, ओल आणि आगीचा धोका त्यांच्याच वाट्याला येतो.

‘चार वर्षं कुणी तक्रार केली नाही की सुटलो’ ही समजूतही जुनी झाली. २५ एप्रिल २०२४पासून ती मुदत १० वर्षं आहे. फक्त त्या तारखेआधी पूर्ण झालेल्या घरांना जुनी मुदत लागू. आणि लपवाछपवी केली असेल तर मुदत उपयोगी पडतेच असं नाही. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याने गवताच्या गाठींआड आख्खं घर बांधून काही वर्षं लपवलं. शेवटी २०१६मध्ये ते त्याला पाडावं लागलं.

## आई-बाबांसाठी हवं असेल तर?

पुण्या-नाशिकहून सहा महिने येणाऱ्या आई-वडिलांना जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी मागे एक खोली हवी, ही गरज खरी आहे. तिला स्वतंत्र घराचा अर्ज करायची गरज नसते. मुख्य घराला पूरक अशा ॲनेक्सचा अर्ज वेगळ्या नजरेने पाहिला जातो. बाग वाटलेली नसावी, वेगळा पत्ता, वेगळं फाटक नसावं, रोजचं जेवणखाण आणि वावर मुख्य घराशी जोडलेला असावा. परवानगीत बहुधा अट येते की ते स्वतंत्रपणे विकता वा भाड्याने देता येणार नाही. ती अट मान्य असेल तरच हा मार्ग घ्या.

## नकाराचं पत्र हातात आहे, आता?

आधी पत्रासोबतचा अधिकाऱ्याचा अहवाल वाचा. तो कौन्सिलच्या वेबसाइटवर असतो. पत्रात चार ओळी असतात, अहवालात चार पानं. कुठल्या मुद्द्यावर अधिकाऱ्याची हरकत नाही, हेही तिथे कळतं आणि पुढच्या अर्जाला ते फार उपयोगी पडतं. मग कारणांचे दोन ढीग करा: मापांनी सुटणारी आणि जागेमुळेच न सुटणारी. दुसऱ्या ढिगात ‘परिसराचं स्वरूप’ असेल आणि तुमचा रस्ता खरोखर अखंड रांगांचा असेल, तर नवा नकाशा काढून घेण्याआधी दहादा विचार करा. पूर्वी सुधारित अर्जाला पुन्हा शुल्क नसे. ती सवलत डिसेंबर २०२३मध्ये बंद झाली. आता प्रत्येक वेळी कौन्सिलचे ५००हून अधिक पौंड, आणि आर्किटेक्ट, झाडांचा अहवाल, मोजणी हे सगळं त्याशिवाय.

नकारानंतर सहा महिन्यांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही. ते ब्रिस्टलमधल्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातं आणि कौन्सिलशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर नव्याने निर्णय देतो. बहुतेक अपिलं फेटाळली जातात. अपिलात घर लहान करून दाखवायची सोय जवळपास नाहीच, म्हणून दुरुस्ती करायची असेल तर नवा अर्जच बरा. कौन्सिल चुकली आहे असं फोटो, मापं आणि शेजारच्या परवानग्यांसह दाखवता येत असेल, तर अपील करा. ‘आम्ही इतकी वर्षं कर भरतो’ हे तिथे चालत नाही.

आणि अजून घर घेतलंच नसेल तर सगळ्यात स्वस्त काम आत्ताच होतं. जाहिरातीत ‘मागे बांधायला वाव, परवानगीच्या अधीन’ असं लिहून एजंट किंमत चढवून सांगतो. त्या शब्दांमागे परवानगी नसते, हे समजून किंमत ठरवा. कौन्सिलच्या वेबसाइटवर तो पत्ता, त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि मागचे पत्ते टाकून जुने अर्ज शोधा. फुकट पाहता येतात. मागच्या मालकाला आधीच नकार मिळाला असेल तर तो तिथे कारणांसकट दिसेल.